किल्ल्याविषयी माहिती उपलब्ध नाही

भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, डोंगराच्या अंगाला आम्ही राहत होतो, त्या वस्तीला सगळे ‘किल्ला’ म्हणत. रिक्षावाल्याला एवढे सांगितले की पुरे. रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे पत्त्यात तो शब्द होता. किल्ला मात्र नव्हता. एक टेकडी होती, तीही अर्धी. रस्त्याकडची तिची बाजू उभी कापलेली होती आणि माथा सपाट होता. माथ्यावर बायका पापड वाळत घालत. पायथ्याशी जुन्या खाणीचा खड्डा होता, त्यात पावसाळ्यानंतर माघापर्यंत पाणी टिके.

मी तिथे राहायला आलो तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. ऐंशीचे दशक निम्मे सरत आले होते. गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि आमच्या चाळींतल्या बऱ्याच पुरुषांनी दुसरी कामे धरली होती. रस्त्याच्या अलीकडे आमच्या चाळी, बहुतेक कुटुंबे कोकणातली. पलीकडची वस्ती मराठवाड्यातून आणि देशावरून आलेल्यांची. त्यांचा बुद्धविहार होता, आमचा गणपती होता. भांडण नव्हते. येणेजाणेही फारसे नव्हते. माझ्या दारापासून पलीकडच्या पहिल्या दारापर्यंत चाळीस पावले होती. ती मी पुढे मोजली, म्हणून आकडा देतो.

मंडळाचे ते रौप्यमहोत्सवी वर्ष होते आणि त्यानिमित्त स्मरणिका निघायची होती. स्मरणिका म्हणजे मुख्यतः जाहिराती: डेअरी, टेलर, पिठाची गिरणी, सायकलचे दुकान. जाहिरातदार रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे असल्याने अंक दोन्ही बाजूंच्या घरांत फुकट वाटला जाणार होता. जाहिरातींच्या मध्ये काहीतरी मजकूर लागतो. मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे आले. संपापूर्वी ते गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणकाम करणारे होते, आता एका सोसायटीत वॉचमन होते. वस्तीच्या नावाचा इतिहास लिहा, म्हणाले. किल्ला कोणी बांधला, कोणी लढवला, कसा पडला. शेवटच्या मुद्द्यावर त्यांचा विशेष भर होता.

“तोफा लागून पडला असणार,” ते म्हणाले. “तसं लिहा. वाचायला जरा बरं वाटतं.”

मी म्हणालो, पुरावा मिळाला तर लिहीन.

“पेपरवाल्यांनी पुरावा मागायला कधीपासून सुरुवात केली?” असे विचारून ते हसले आणि चहा पिऊन गेले.

आमच्या कार्यालयात मात्र मागत. ज्या वृत्तसंपादकांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांचा एक नियम होता: एका तोंडची गोष्ट ती ऐकीव, दोन तोंडांची ती बातमी. ऐकीव मजकुरावर ते तांबड्या पेन्सिलने एक आडवी रेघ मारत आणि कागद परत करत. बोलत काही नसत. चार वर्षांत त्या रेघेने माझे लिहिणे घडवले, असे म्हणायला हरकत नाही.

सुट्टीच्या दोन मंगळवारी मी शहरातल्या ग्रंथालयात जाऊन बसलो. जिल्ह्याच्या एका जुन्या सरकारी वर्णनात या टेकडीवर एक लहान पडका किल्ला आणि कातळात खोदलेले पाण्याचे टाके असल्याचा उल्लेख सापडला. एक वाक्य. बांधणाऱ्याचे नाव नाही, काळ नाही. जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी बांधकाम फिरंग्यांच्याही आधीचे असावे असे सांगितले, पण ते स्वतः टेकडीवर कधी आले नव्हते. जुन्या नकाशात टेकडीच्या माथ्यावर एक लहान चौकोन काढलेला होता. त्यानंतरच्या नकाशात तो चौकोन नव्हता, त्या जागी खाणीची खूण होती. दोन नकाशांच्या मध्ये किल्ला गेला होता. कसा गेला, ते नकाशा सांगत नाही.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी आबा आले.

आबा आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीत राहत. मूळचे मालवणकडचे, वय सत्तरीच्या आसपास, डाव्या कानाने ऐकू येत नसे. रोज दहाच्या सुमारास ते माझ्याकडचा पेपर न्यायला येत आणि दुपारी घडी न मोडता परत आणून देत. त्या दिवशी त्यांनी पेपर उचलला नाही. माझ्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे येईल असे, ते बसले.

“तू किल्ल्याचा लिवतंस मां?”

मी हो म्हणालो.

“मगे माका विचार. तो किल्लो आमीच फोडलो.”

ते दोन तास बोलले. मी वही काढली. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी टेकडी खाणीसाठी एका कंत्राटदाराने घेतली. आबा सुरुंगाच्या कामावर होते. तेव्हा किल्ल्याच्या दोन भिंती छातीइतक्या उंच उभ्या होत्या, तीन बुरूज ओळखू येत होते. चौथा बुरूज होता की नव्हता ते सांगता येत नव्हते, कारण त्या कोपऱ्यात वडाचे झाड भिंत धरून बसले होते. दरवाजा पूर्वेला, खाडीकडे तोंड करून. दरवाजाच्या दोन्ही अंगांच्या दगडांवर कमळ कोरलेले. चुना असा पक्का की पहार घसरायची, म्हणून भिंतीही सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. दगड खाली क्रशरवर गेला आणि त्याची खडी झाली.

“खडी खंय गेली?” मी त्यांच्याच बोलीत विचारले.

“तू त्याच्यावरसून चलत कामाक जातंस,” आबा म्हणाले.

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. तिच्यासाठीच ते आले होते.

सुरुंग उडवताना एक माणूस लाल बावटा धरून उभा राहतो. त्याचे काम दोन गोष्टींचे: लोकांना लांब ठेवणे आणि आवाज मोजणे. पाच सुरुंग भरले असतील तर पाच आवाज झाल्याशिवाय बावटा खाली येत नाही. एक कमी झाला तर अर्धा दिवस कोणी वर जात नाही. त्या दिवशी बावटा आबांच्या हातात होता. पाच सुरुंग भरले होते. त्यांनी पाच आवाज मोजले आणि बावटा खाली केला. त्यांचा जोडीदार वर गेला. मग खरा पाचवा सुरुंग उडाला.

आदल्या दिवशी त्यांनी किल्ल्याच्या आतल्या भिंतीवरची झाडी आणि माती साफ केली होती. भिंत उघडी पडली होती. पाचांपैकी चौथाच तिच्यासमोर होता, त्याचा आवाज तिच्यावर आपटून परत आला आणि आबांनी तो पाचवा म्हणून मोजला. हे त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीसमोरचे उरलेले सुरुंग उडवताना कळले. प्रत्येक आवाज तेव्हा दोनदा येत होता.

मेलेल्या माणसाची बायको त्याच खाणीवर पाटी वाहत असे. मुकादमाने तिला सांगितले की नवरा भिंतीवरून पाय घसरून पडला. बाकीच्यांनीही तेच सांगितले. आबा गप्प राहिले. ती बाई अजून रस्त्यापलीकडे, विहाराशेजारी मुलाबरोबर राहत होती. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, नळावर ती इतकी वर्षे त्यांना दिसत होती. एक शब्द बोलणे झाले नव्हते.

“तोंडान सांगूक जमाचा नाय,” ते म्हणाले. “ह्यां छापून येऊक होया. तुमचो अंक त्यांच्या घरात जातलो. तिचो झील वाचून दाखवतलो. मगे तिका जा काय बोलाचा ता ती बोलांदे.”

जाताना त्यांनी जोडीदाराचे पूर्ण नाव वहीत माझ्यासमोर लिहून घ्यायला लावले आणि ते नीट लिहिले आहे का ते वाचून पाहिले.

मी पडताळणी सुरू केली. खाणीचा कंत्राटदार वारला होता, त्याच्या घरच्यांकडे कागद नव्हते. आमच्या गुन्हेवार्ताहराने ओळखीने पोलीस ठाण्यात चौकशी केली. इतकी जुनी नोंद मिळणार नाही असे त्याला सांगण्यात आले. कार्यालयातल्या जुन्या फायली मी स्वतः चाळल्या. अलीकडच्या चाळींतल्या तीन म्हाताऱ्यांना विचारले. तिघेही खाण बंद पडल्यावर राहायला आलेले. एकाने तोफांची गोष्ट सांगितली, आणि ती कोणाकडून ऐकली असे विचारल्यावर अध्यक्षांचे नाव घेतले.

दुसरे तोंड मिळाले नाही. एका माणसाच्या चुकीने दुसरा मेला असे एकाच माणसाच्या सांगण्यावरून छापायचे नाही, मग सांगणारा स्वतःवरच आरोप का करत असेना, हे मला स्पष्ट होते. मी ते पान स्वतःच कापले. कोणाला तांबडी पेन्सिल उचलावी लागली नाही. लेखात जुन्या वर्णनातला उल्लेख, नकाशातला चौकोन आणि टाक्याची माहिती राहिली. शेवटचे वाक्य असे होते: ‘हा किल्ला केव्हा व कसा नष्ट झाला याविषयी माहिती उपलब्ध नाही.’

अध्यक्षांनी मसुदा वाचला आणि तोफ कुठे आहे ते विचारले. तोफ नाही म्हटल्यावर त्यांनी लेखाच्या वर एक चित्र टाकले. ते कोकणातल्या कुठल्यातरी जलदुर्गाचे होते, खाली समुद्र आणि गलबते दाखवलेली.

स्मरणिका गणपतीच्या दुसऱ्या दिवशी वाटली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात उभे होते. अंक हातात, माझे पान दुमडलेले. ते आत आले नाहीत.

“माहिती उपलब्ध नाय?” ते म्हणाले. “मगे मिया तुका काय दिलंय? तू माका विचारूक बसलंस ता कित्याक? चाय पिऊक?”

चहा मीच दिला होता, त्यांनी नाही, पण ही दुरुस्ती करण्यात अर्थ नव्हता. मी नियम समजावून सांगितला. दोन तोंडे, खातरजमा, छापील शब्दाची जबाबदारी. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हणजे माझ्यावर इश्वास नाय.”

तसे नाही, मी म्हणालो.

“तसाच,” ते म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर न्यायला आले नाहीत. टपरीवर उभे राहून वाचायचे. टपरी बरीच लांब होती आणि त्यांचे गुडघे दुखत होते.

दिवाळीच्या आवराआवरीत ती वही हाताला आली. टाकायच्या आधी वही चाळण्याची सवय असते, तशी चाळली. आबांच्या पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरात एक ओळ होती: ‘बायको. पाटीवाली. समोर, विहाराशेजारी.’

मी ती ओळ तेव्हा लिहिली, नंतर लेख लिहिताना वाचली, आणि दोन्ही वेळा मला तिच्यात काही दिसले नाही. पाटीवाली म्हणजे त्याच खाणीवर, त्याच टेकडीवर, त्या काळात असलेली व्यक्ती. मी ग्रंथालयात गेलो, मेलेल्या कंत्राटदाराच्या घरी गेलो, चालू खाण कधीच न पाहिलेल्या तीन म्हाताऱ्यांकडे गेलो. रस्ता ओलांडला नाही. आबांच्या सांगण्यात ती बाई बातमी ऐकणारी होती, म्हणून माझ्याही लेखी ती वाचक होती. साक्षीदार म्हणून तिच्याकडे पाहिलेच नव्हते. गणपतीच्या स्मरणिकेसाठी त्या बाजूला कोणाला काही विचारायचे असते, हे आमच्या बाजूला कोणाच्याच मनात आले नव्हते. माझ्याही नाही. याला नियम कारणीभूत नव्हता. नियमाने दुसरे तोंड शोधा म्हटले होते. कुठे शोधायचे ते मी ठरवले होते.

भाऊबीज झाल्यावर मी गेलो. पावले मोजली ती तेव्हा.

दार उघडेच होते. साठीपुढची बाई, अंगाने किरकोळ, दारात सूप घेऊन ज्वारी निवडत बसलेली. मुलगा टपालखात्यात होता, त्याची त्या दिवशी सुट्टी होती. त्याने मला ओळखले आणि आत स्टूल दिले. मी कोण ते त्याने आईला सांगितले.

“ठाव हाय,” ती म्हणाली. सुपावरून नजर काढली नाही. “किल्ल्याचं लिवलं त्ये. पोरानं वाचून दाखवलं. माहिती नाय म्हनं. म्या म्हनलं, बराबर हाय. इचारली कुनी?”

मी म्हणालो, आता विचारायला आलो आहे.

“रस्ता वलांडायला दोन महिनं लागलं व्हय, पेपरवाले?” तिने मुलाला चहा ठेवायला सांगितला.

मी आबांनी सांगितलेले काही सांगितले नाही. आधी एकाचे म्हणणे ऐकवले की दुसरा त्याला धरून बोलतो. फक्त विचारले की तिचा नवरा कसा गेला. मुलगा स्टोव्हपाशी थांबला. त्यानेही हा प्रश्न कधी विचारला नव्हता, हे त्याच्या थांबण्यावरून कळले.

तिने सूप खाली ठेवले. त्या दिवशी ती खाली क्रशरवर होती अशी सगळ्यांची समजूत होती, पण ती तिथे नव्हती. मुकादमाने पाणी आणायला वर पाठवले होते आणि ती टाक्याच्या काठाशी होती. तिथून सुरुंग लावलेला कोपरा आणि बावट्याची जागा दोन्ही दिसत. सुरुंग सुरू होताच ती टाक्याच्या पायऱ्यांत उतरून बसली, पण डोके वर होते. बावटा वरच होता. तिचा नवरा तरीही निघाला, कारण पहार भिंतीपाशी राहिली होती. पहार गमावली की मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे.

“म्या हाक मारली,” ती म्हणाली. “त्यानं हात केला. आलोच म्हून.”

नंतर सगळ्यांनी तिला सांगितले की तो पडला. ती काही बोलली नाही. काल आलेली बाई, पदरात पोर, कामावर ठेवायचे की नाही ते मुकादमाच्या हातात.

“पर माझा मानूस पडनारा नव्हता,” ती म्हणाली. “त्या टेकडीवर शेळीवानी चालायचा. पडला म्हनत्यात. इतकी वर्सं तेच आयकत्ये. तुमी लिवायचं आसल तर येवढं लिवा, की त्यो पडला न्हाई.”

मग मी आबांचे म्हणणे सांगितले. पाच आवाज, भिंत, खाली आलेला बावटा. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले.

“त्ये म्हातारं ह्याच्यापायी मान खाली घालून जातंय व्हय?” ती म्हणाली. “मला वाटायचं, आमच्या वस्तीतली म्हून बोलत न्हाई.”

माझ्याकडे आता दोन तोंडे होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. हा प्रसंग नियमात बसवलेला नव्हता. माणूस सुरुंगाने गेला, घसरून नाही, एवढे दोघांच्या सांगण्यात समान होते. बावटा खाली आला की नाही, यावर दोघेही शपथेवर सांगायला तयार होते.

त्याच दुपारी मी आबांच्या खोलीवर गेलो. उजव्या कानाशी बसून सगळे सांगितले. मला वाटले होते त्यांना बरे वाटेल. त्यांनी नकाराची मान हलवली.

“ती चांगली बाई असा,” ते म्हणाले. “माका बरा वाटाचा म्हणान सांगता. बावटो माझ्या हातात होतो. मिया खाली केलंय. माका ठावक नाय तर कोणाक?”

असे असू शकेल. तिने त्यांना सोडवण्यासाठी सांगितले असेल. किंवा आबांनी इतकी वर्षे एकट्याने तो प्रसंग मनात चालवून आठवणीतला बावटा आधी खाली केला असेल. तपासायला काही उरले नव्हते. भिंतही नव्हती.

चार दिवसांनी आबा काठी घेऊन माझ्या दारात आले आणि चल म्हणाले. मी बरोबर गेलो. रस्त्याच्या मधोमध ते एकदा थांबले, ट्रक जाऊ दिला आणि पुढे निघाले.

ती दारातच होती. “या,” म्हणाली. “हिकडं बसा, माझ्या डाव्या अंगाला. तुमचा यो कान गेलाय, ठाव हाय मला.”

आबा बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. ते माफी मागायला आले होते आणि त्यासाठी काही वाक्ये त्यांनी मनात धरलेली असावीत. ती निघाली नाहीत.

“बावटो मिया खाली केलेलो,” एवढेच ते म्हणाले.

“वरच व्हता.”

“नाय.”

“म्या बगत व्हते.”

“माझ्या हातात होतो.”

“तुमचं ध्यान मोजन्यात व्हतं. हाताकडं कोन बगतं?”

आबा मान्य करीनात. मुलाने चहा आणला. आबांनी बशीत ओतून प्यायला. मग त्यांनी विचारले की टाक्याच्या पायऱ्या सात होत्या की आठ. ती म्हणाली, नऊ. सर्वांत खालची पाण्यात असायची, ती उन्हाळ्यातच दिसे आणि उन्हाळ्यात पाण्याला बायकाच जात. आबांनी नऊ मान्य केल्या. वडाच्या कोपऱ्यातला बुरूज होता, असेही तिने सांगितले. झाडाच्या मुळांतून आत जाता येत असे आणि पाटीवाल्या बायका दुपारी तिथे सावलीला बसत. दगडांवर बाण रोखायच्या खाचा होत्या, त्यात त्या भाकरीची फडकी ठेवत. आबांना हे ठाऊक नव्हते. बाप्ये तिथे जात नसत.

मी वही काढली. नकाशातल्या चौकोनाला त्या दुपारी चार बुरूज, नऊ पायऱ्या आणि भाकरी ठेवायची जागा मिळाली. माझ्या माहितीत त्या किल्ल्याचे एवढे वर्णन दुसरीकडे कुठे नाही.

जाहिराती बऱ्या मिळाल्याने मंडळाने दुसऱ्या वर्षीही स्मरणिका काढायची ठरवली आणि तिच्यासाठी मी नवा लेख दिला. अध्यक्षांनी तो मंडपाच्या मागे, खुर्चीवर बसून वाचला. रडगाणे नको, असे ते म्हणतील असे मला वाटले होते आणि त्यांनी सुरुवात तशीच केली. गणपतीचा अंक आहे, लोक आनंदाने वाचतात. शिवाय बावट्याचे काहीतरी एक ठरवा, दोन-दोन कशाला?

ठरत नाही, मी म्हणालो. दोघांनी सांगितले तसे छापा.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले. नंतर म्हणाले, “आमच्या खात्यातही कोणाचा हात साच्यात गेला की कामगार घसरला असंच लिहायचे. सगळेच कसे घसरतात, देव जाणे.” त्यांनी टेलरची जाहिरात मागच्या पानावर हलवली आणि लेखाला पूर्ण पान दिले. चित्र टाकले नाही.

लेखाची सुरुवात दुरुस्तीने होती. गेल्या वर्षी या अंकात माहिती उपलब्ध नाही असे छापले होते. माहिती उपलब्ध होती, विचारली गेली नव्हती. पुढे किल्ल्याचे वर्णन, तो कसा पाडला गेला ते, आणि पाडताना गेलेल्या माणसाचे पूर्ण नाव. ते नाव इथे देत नाही. ते जिथे छापून यायचे होते तिथे छापून आले आहे.

त्या वर्षी अंक मी स्वतः पलीकडे नेऊन दिला. आबा तिथेच होते. टपरीवर जाणे त्यांनी सोडले होते. सकाळी माझ्याकडचा पेपर घेऊन ते रस्ता ओलांडत आणि तो तिला वाचून दाखवत. मुलाने लेख मोठ्याने वाचला. बापाच्या नावाच्या ओळीवर तिने त्याला थांबवले आणि ती ओळ परत वाचायला सांगितली. ‘त्यांचा मृत्यू सुरुंगाच्या स्फोटाने झाला, ते पडले नव्हते.’ त्याने वाचली. बावटा खाली आला होता, हे आबांचे म्हणणे आले तेव्हा ती नाही म्हणाली. बावटा वर होता, हे तिचे म्हणणे आले तेव्हा आबा नाय म्हणाले.

वाचून संपले. मग तिने मुलाकडून अंक घेतला. वाचता येत नसूनही पानावरून बोट फिरवले आणि विचारले, दरवाजाचं कुठं लिवलंय?

मुलाने जागा दाखवली आणि वाचले: दरवाजा पूर्वेला, खाडीकडे तोंड करून.

“चुकलंय,” ती म्हणाली. “दरवाजा उत्तरंला व्हता. पूर्वंला भिंतीला भगदाड व्हतं, गाडी नेन्यासाठी पाडल्यालं. हे कुनी सांगितलं?”

आबा काठीकडे पाहत राहिले.

“आनि तुमी लिवलं,” ती मला म्हणाली. “मला इचारलं का?”

मी वही काढली.